इंट्राकॅथवरची तारीख

परीक्षेत 'गुणवत्ता सुधार म्हणजे काय' हा प्रश्न आला की पानभर उत्तर लिहून होतं. आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक डोनाबेडियन यांनी १९६६ साली मांडलेले रचना, प्रक्रिया, परिणाम हे तीन भाग येतात, पीडीएसएचं (योजना करा, करून बघा, तपासा, कृती करा) वर्तुळ बाणांसकट येतं, शेवटी 'ही सतत चालणारी प्रक्रिया आहे' हे ठरलेलं वाक्य येतं. दुसऱ्या दिवशी त्याच विद्यार्थिनीला मेडिसिन वॉर्डात विचारा, "आज इथे किती पेशंटना इंट्राकॅथ आहे? त्यातल्या किती जणांचा हात दुखतोय?" (इंट्राकॅथ म्हणजे सलाईन-औषध द्यायला हाताच्या शिरेत बसवलेली बारीक नळी.) ती मुलगी ओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना माहिती सोपवायच्या, वहीकडे बघेल. वहीत ते नसतं.

पुस्तकातला तो सगळा धडा या दोन प्रश्नांत बसतो असं माझं मत आहे. म्हणून सोलापुरात पोस्टिंग करणाऱ्या नर्सिंगच्या जीएनएम (डिप्लोमा) आणि बीएस्सीच्या मुलामुलींसाठी लिहिलेली ही पोस्ट निम्म्याहून जास्त एका इंट्राकॅथवरच आहे. बाकीचं जाता जाता.

आधी हात बघा

इंट्राकॅथचा नंबर रंगावरून ओळखतात: हिरवा १८ नंबर, गुलाबी २०, निळा २२, पिवळा २४. नंबर वाढतो तशी नळी बारीक होते. साधं सलाईन आणि अँटिबायोटिक द्यायला मोठ्या माणसाला बहुतेक वेळा २० किंवा २२ पुरतो. पण ट्रॉलीत हिरवेच उरलेले असले की हिरवाच लागतो. मग बारीक शिरेत जाड नळी बसते आणि आतल्या भिंतीला घासत राहते. मनगटाच्या किंवा कोपराच्या घडीत लावला तर पेशंटने घास उचलला तरी टोक आत हलतं. शीर सुजण्याचं हे पहिलं कारण, घासण्याचं.

दुसरं कारण औषधाचं. पोटॅशियम क्लोराइड, व्हँकोमायसिन, अमिओडॅरोन, फेनिटॉइन ही मंडळी शिरेला झोंबतात. जास्त घट्ट डेक्स्ट्रोजही झोंबतं. ठरल्यापेक्षा कमी सलाईनमध्ये मिसळून किंवा घाईत सोडली तर आणखीच. पोटॅशियम क्लोराइड तर सिरिंजने थेट शिरेत कधीच द्यायचं नाही, त्याने हृदय थांबतं. ते सलाईनमध्ये मिसळून, बाटली उलटसुलट करून नीट एकजीव करून, ठरल्या वेगानेच द्यायचं.

तिसरं कारण जंतूंचं, आणि ते आपल्या हातचं. स्पिरिटचा बोळा फिरवला आणि कातडी ओली असतानाच टोचलं, ही रोजची गोष्ट आहे. २ टक्के क्लोरहेक्सिडिन आणि ७० टक्के अल्कोहोल यांचं मिश्रण मिळालं तर तेच वापरा, आणि लावल्यावर निदान ३० सेकंद आपोआप सुकू द्या. फुंकर घालून नाही. सुकल्यावर शीर पुन्हा बोटाने चाचपली तर केलेलं सगळं पुसलं गेलं. औषध देताना हब (इंट्राकॅथचं औषध सोडायचं तोंड) १५ सेकंद चोळून पुसायचा. त्याचं झाकण किडनी ट्रेमध्ये उताणं टाकलं असेल तर तेच परत लावायचं नाही, नवीन घ्यायचं.

सोलापूरच्या वॉर्डात एक चौथं कारणही धरावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, पंखा गरम वारा फेकतो आणि घामाने मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी) सुटतं. मग नातेवाईक वरून आणखी एक पट्टी मारतात, त्यावर आपण तिसरी. टोचल्याची जागा या थरांखाली झाकली जाते आणि लाली दिसायची तेव्हा दिसत नाही. पारदर्शक ड्रेसिंग असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर मायक्रोपोर अशी लावा की टोचल्याच्या जागेवर फक्त निर्जंतुक गॉजचा छोटा तुकडा राहील आणि तो उचलून बघता येईल. हाताखाली टॉवेलची घडी ठेवा. टॉवेलला या गावात तोटा नाही.

आता मोजायचं कसं? त्यासाठी व्हीआयपी स्कोअर आहे. इथे व्हीआयपी म्हणजे नगरसेवकांचा पाहुणा नव्हे, डोळ्यांनी बघून शिरेची सूज ठरवायची ती पट्टी. जागा निरोगी असेल तर ०. किंचित दुखणं किंवा किंचित लाली, यातलं एकच असेल तर १, लक्ष ठेवायचं. दुखणं, लाली, सूज यांतली दोन असतील तर २, आणि इथे इंट्राकॅथ काढून दुसरीकडे लावायचा. नळीच्या वाटेवर दुखतंय, लाली आहे आणि कडकपणाही आहे, तिन्ही एकत्र असतील तर ३. शीर दोरीसारखी हाताला लागू लागली की ४. त्यात ताप आला की ५. बहुतेक जण ३ वर जागे होतात. काढायचा असतो २ वर.

बारा जणांचे बारा अंदाज

"आपल्या वॉर्डात सूज फार येते का हो सिस्टर?" असं विचारलं तर बारा जणी बारा उत्तरं देतील. म्हणून रोज सकाळी १० वाजता, राउंड संपल्यावर, एकीने वॉर्डभर फिरून मोजायचं: आज इंट्राकॅथ किती, आणि कालपासून नव्याने २ किंवा जास्त स्कोअर झालेले किती. कालचीच सूज आज परत मोजायची नाही, नाहीतर एक हात तीनदा मोजला जातो.

समजा सात दिवसांचे आकडे असे आले: १८, २०, १७, १९, २१, १६, १९. बेरीज १३०. हे झाले १३० 'इंट्राकॅथ-दिवस'. त्या आठवड्यात नवीन सूज १३ जणांना आली. १३ भागिले १३०, गुणिले १०००, म्हणजे दर हजार इंट्राकॅथ-दिवसांना १००. हा भागाकार कशासाठी? पुढच्या आठवड्यात वॉर्ड निम्मा रिकामा झाला आणि सूज ७ जणांना आली, तर 'तेराचे सात झाले' म्हणून पेढे वाटायची वेळ येते, पण प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं. लघवीच्या नळीमुळे होणारा संसर्गही याच पद्धतीने, नळी-दिवसांवर मोजतात. छेद नसलेला आकडा कुणी दाखवला तर त्याला छेद विचारायची सवय लावून घ्या.

मग उद्दिष्ट. 'शिरेची सूज कमी करणे' हे उद्दिष्ट नाही, ती इच्छा आहे. 'महिला मेडिसिन वॉर्डात येत्या आठ आठवड्यांत दर हजार इंट्राकॅथ-दिवसांमागची सूज १०० वरून ५० वर आणणे' हे उद्दिष्ट. कुठे, काय, किती, कधीपर्यंत, चारही त्यात आले पाहिजेत.

कारण शोधताना माशाच्या काट्याची आकृती काढायला हरकत नाही, पण वहीत सुबक मासा काढून वॉर्डात न जाणारे पुष्कळ असतात. त्यापेक्षा एका इंट्राकॅथजवळ उभं राहून 'का' विचारत सुटा. यावर तारीख का नाही? लिहिली होती, पुसली गेली. का? बॉलपेनने लिहिली, मायक्रोपोरवर ती घामाने पसरते. मार्कर का नाही वापरला? होता, कुणाच्या तरी खिशातून घरी गेला. दुसरा का नाही आणला? वॉर्डाच्या औषध-साहित्याच्या इंडेंटमध्ये (मागणीपत्रात) मार्कर येत नाही, तो स्टेशनरीत येतो, आणि स्टेशनरीचा इंडेंट महिन्यातून एकदाच जातो.

आता बघा, पहिल्याच 'का'ला थांबलो असतो तर उत्तर 'सिस्टर निष्काळजी आहेत' असं निघालं असतं आणि उपाय म्हणून एक सूचना भिंतीवर चिकटली असती. चौथ्याला पोचल्यावर उपाय निघतो तो इंडेंटची यादी बदलण्याचा आणि मार्कर दोऱ्याने ट्रॉलीला बांधण्याचा. शाळेतल्या पाण्याच्या पिंपाला पेला साखळीने बांधलेला असायचा, तसाच.

एक पाळी, तीन बेड

पीडीएसएमध्ये नवशिक्यांची एकच चूक होते: पहिल्याच फेरीत अख्खा वॉर्ड घेतात. इन्चार्ज सिस्टरांकडे जाऊन "आजपासून सगळ्यांनी असं करायचं" म्हटलं की त्या "बरं" म्हणतात आणि तिथेच ते संपतं. पहिली फेरी एका पाळीची, तीन बेडची घ्या.

पहिली फेरी अशी. योजना: बेड ५, ६ आणि ७ च्या इंट्राकॅथवर मार्करने तारीख, वेळ, सही. अंदाजही लिहून ठेवायचा, तो लोक गाळतात: 'संध्याकाळी ८ ला तिन्ही तारखा वाचता येतील.' करून बघा. मग तपासा: समजा, दोन वाचता आल्या, तिसरी गेली, कारण नातेवाइकांनी जेवणाआधी पेशंटचा हात धुतला. अंदाज चुकला, म्हणजे काहीतरी शिकायला मिळालं. अंदाजच लिहिला नसता तर 'बरं चाललंय' म्हणून पुढे गेलो असतो.

दुसरी फेरी: तारीख मायक्रोपोरवर न लिहिता वेगळ्या पट्टीवर लिहून ती ड्रेसिंगच्या कडेला, टोचल्याच्या जागेपासून दूर लावायची. तीच तारीख ओव्हरच्या वहीत एका नव्या रकान्यात. हात धुतला तरी वही राहते. तिसरी फेरी नाईटला. नाईटमध्ये कॅज्युअल्टीतून पेशंट येतो तो इंट्राकॅथ लावूनच, आणि तो कधी, कशा घाईत लावला हे कुणालाच सांगता येत नाही. अशा इंट्राकॅथला वॉर्डाने स्वतःची खूण द्यावी, वहीत 'कॅ' लिहावं. आणीबाणीत निर्जंतुकपणाची खात्री नसताना लावलेला इंट्राकॅथ शक्य तितक्या लवकर, ४८ तासांच्या आत बदलायचा असतो. स्वच्छपणे लावलेला असेल तर मोठ्या माणसात ७२ ते ९६ तासांच्या आधी उगाच बदलायची गरज नाही. आणि औषध तोंडावाटे सुरू झालं असेल तर 'असू दे, लागला तर' म्हणून ठेवायचा नाही. रिकामा इंट्राकॅथ ही जंतूंना उघडी ठेवलेली खिडकी आहे.

तीन गोष्टी शेजारी-शेजारी मोजायच्या. तारीख आणि स्कोअर लिहिलेले इंट्राकॅथ शंभरात किती, ही प्रक्रिया. सूज दर हजार दिवसांना किती, हा परिणाम. तिसरी गोष्ट तोल सांभाळणारी: या सगळ्यामुळे इंट्राकॅथ जास्त खर्च होतायत का, पेशंटला जास्त टोचण्या बसतायत का, ओव्हरला पंधरा मिनिटं जास्त लागतायत का. सूज कमी झाली पण प्रत्येकाला चार टोचण्या बसल्या तर पेशंटच्या दृष्टीने काय सुधारलं?

आकडे आलेखाच्या कागदावर काढा, आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर दर. सगळे बिंदू चढत्या क्रमाने मांडून मधला घ्या आणि त्यातून एक आडवी रेघ मारा. सलग सहा किंवा जास्त बिंदू त्या रेघेच्या एकाच बाजूला पडले, किंवा सलग पाच बिंदू चढत किंवा उतरत गेले, तर काहीतरी खरंच बदललंय असं समजायचं. रेघेवरच बसलेला बिंदू एका बाजूचे मोजताना धरायचा नाही. त्याशिवायचे चढउतार म्हणजे वॉर्डाचा श्वासोच्छ्वास. एका आठवड्यात दर वाढला म्हणून त्या आठवड्याच्या सिस्टरला बोलावून झापणं, यात काही शास्त्र नाही. १२ मेला, परिचारिका दिनी, आपण नाइटिंगेलबाईंच्या नावाने दिवे लावतो, पण क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंचे आकडे त्यांनी १८५८ साली रंगीत आकृतीत मांडले आणि सरकारला दाखवले, हे सांगायला विसरतो. मला विचाराल तर दिव्यापेक्षा तो कागद मोठा.

रंगवलेले चार्ट

इथे एक कटू गोष्ट. दर दोन तासांनी कूस बदलल्याचा चार्ट ८, १०, १२, २ असा एकाच शाईत, एकाच कलत्या अक्षरात, एकाच दमात भरलेला असतो, आणि त्या पेशंटच्या माकडहाडावर लाल डाग असतो जो दाबला तरी पांढरा होत नाही. हा डाग म्हणजे बेडसोरची पहिली पायरी. चार्ट मात्र पूर्ण.

चार्ट का रंगवले जातात? वेळेत न भरलेला चार्ट दिसला की बोलणी बसतात, न बदललेली कूस दिसली तर कुणी विचारत नाही. ज्याची तपासणी होते ते सुधारतं, आणि तपासणी कागदाची होते. म्हणून मोजणी करताना कागद बघू नका, पेशंट बघा. सकाळी ११ ला चार्टवर 'डावी कूस' आहे आणि पेशंट उताणा आहे, तर तीच तुमची नोंद. ब्रॅडन पट्टीवर (बेडसोरचा धोका मोजायच्या गुणपट्टीवर) १८ किंवा कमी गुण आले तर धोका धरायचा. कूस देताना पूर्ण ९० अंशांत न वळवता ३० अंशांचा कल द्या, नाहीतर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. आणि उन्हाळ्यात अंगाखालचं रबरी मॅकिन्टॉश घामाने तळं करतं. त्यावर सुती चादरीची घडी हवी आणि ती ओली झाली की बदलायला हवी. हे मावशींना सांगून ठेवलं तर त्या आपल्याआधी बघतात. सुधाराच्या बैठकीत मावशी आणि मामांना बोलावत नाहीत, तिथेच निम्मी माहिती बाहेर राहते.

हात धुण्याचंही तसंच. कोण बघतंय हे कळलं की सगळेच हात धुतात. एकच दिवस बघून न थांबता, एक आठवडा रोज पाच-पाच मिनिटं बसून मोजा. संधी किती आल्या आणि त्यातल्या किती पाळल्या. पाच वेळा असतात: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, अंगातल्या द्रवाशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावल्यावर, आणि पेशंटच्या भोवतीच्या वस्तूंना हात लावल्यावर. स्वतःला जपायच्या वेळा माणूस सहसा विसरत नाही, पेशंटला जपायची पहिली वेळ चुकते. पाणी जपून वापरायची सवय सोलापूरकराला लहानपणापासूनच असते, म्हणून हॅन्डरब जास्त सोयीचा: २० ते ३० सेकंद. साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद, आणि हात दिसण्याइतके खराब असतील तर साबण-पाणीच. ग्लोव्हज घातले म्हणून यातली एकही वेळ माफ होत नाही.

लाल टोपी, केशरी टोपी

औषधाच्या चुकांवर अख्खा धडा असतो. मी एकच उदाहरण घेतो, कारण ते आपल्याकडचं आहे. भारतात इन्सुलिनची बाटली बहुधा ४० युनिट प्रति मिलीची असते, पेनची कार्ट्रिज १०० ची. सिरिंजही दोन: लाल टोपीची ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर ते ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट गेले. उलट झालं, १०० च्या कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने २० ओढलं, तर ते ०.५ मिली, म्हणजे ५० युनिट. अडीच पट. कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढायचंच नसतं, पण पेनची सुई संपली की मोह होतो.

'नीट बघून घ्या' हा यावरचा उपाय नव्हे. नाईटच्या पहाटे चारला डोळे काय बघणार? उपाय म्हणजे वॉर्डात एकाच प्रकारच्या सिरिंज ठेवणं, इन्सुलिनच्या ट्रेमध्ये बाटलीशेजारीच तिची सिरिंज ठेवणं, आणि दुसऱ्या सिस्टरने स्वतंत्रपणे तपासणं. स्वतंत्रपणे म्हणजे "वीस आहे ना?" असं न विचारता "किती आहे सांग" असं विचारणं.

दुसरी गाठ डब्याची. साधं इन्सुलिन जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी द्यायचं असतं. चार्टवर वेळ छापलेली असते, पण अक्कलकोटहून किंवा मंगळवेढ्याहून येणारा भाकरीचा डबा एसटीच्या वेळेने येतो. इन्सुलिन गेलं, डबा आला नाही, पेशंटला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. उन्हाळ्यात घामाकडे कुणी लक्ष देत नाही, तिथेच फसगत होते. साखर ७० च्या खाली असेल आणि पेशंट शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, डॉक्टरांना हाक मारून शिरेतून डेक्स्ट्रोज. पण खरी दुरुस्ती सोपी आहे: 'इन्सुलिन सकाळी ८' याऐवजी 'डबा हातात आल्यावर' असा नियम लागू करायची परवानगी डॉक्टरांकडून घेणं.

सलाईनचाही असाच घरगुती प्रश्न आहे. 'बाटली लवकर संपली की लवकर घरी' अशी समजूत असल्याने नातेवाईक चाक फिरवून वेग वाढवतात. ५०० मिली ८ तासांत द्यायचं असेल आणि सेट २० थेंबांना एक मिलीचा असेल, तर ५०० गुणिले २० भागिले ४८०, मिनिटाला साधारण २१ थेंब. हा आकडा बाटलीवरच्या पट्टीवर लिहा, आणि जो नातेवाईक शेजारी बसतो त्याला दाखवा. चाकाला हात लावू नका म्हणण्यापेक्षा 'एवढ्याच वेगाने का' हे सांगितलं तर तोच राखण करतो.

दोन सिद्धाराम

ग्रामदैवत सिद्धेश्वर, त्यामुळे पुरुष वॉर्डात एकाच वेळी दोन-तीन सिद्धाराम, एखादा सिद्धाप्पा आणि एक सिद्धेश्वर असणं नवल नाही. आडनावही सारखं निघू शकतं. "तुम्ही सिद्धाराम ना?" असं विचारलं की ऐकू कमी येणारे आजोबासुद्धा मान डोलावतात. विचारायचं असं: "आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा." मग केसपेपरवरचा नोंदणी क्रमांक पडताळायचा. बेड नंबर ही ओळख नाही, बेड बदलतात. सारख्या नावांचे पेशंट दूरच्या बेडवर ठेवा आणि ओव्हरच्या वहीत दोघांच्या नावाभोवती लाल गोल करा.

भाषेचं तर विचारूच नका. शहराच्या पूर्व भागातून तेलुगू बोलणाऱ्या आज्या येतात, इंडी-विजयपूरकडून कन्नड, शिवाय दखनी उर्दू. मराठीतून "समजलं का?" विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, "हो सिस्टर." म्हणून समजलं का हे विचारायचंच नाही. "घरी गेल्यावर ही पांढरी गोळी कधी घेणार, सांगा बघू," असं विचारून त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं. चुकलं तर सांगण्यात आपण कमी पडलो असं धरून वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगायचं. पाच-सात वाक्यं पाठ करून ठेवाच. कन्नडमध्ये "एल्लि नोवु?", तेलुगूत "एक्कड नोप्पि?", कुठे दुखतंय एवढं विचारलं तरी पेशंटचा चेहरा सैल होतो. मात्र संमतीपत्रासारख्या कामाला नातवाला दुभाषी करू नका. तो आजीला दुखावेल असं काही सांगत नाही, गाळतो. दोन्ही भाषा येणारी स्टाफमधली व्यक्ती शोधा.

फोनवर डॉक्टरांना कळवणं हेही भाषांतरच असतं. रात्री तीनला "सर, पेशंट बरोबर नाही वाटत" म्हटलं तर पलीकडून "बघतो" येतं. एसबीएआरच्या क्रमाने बोललं तर वेगळं होतं: "महिला सर्जरी वॉर्डातून सिस्टर बोलतेय. बेड १४ ची नाडी १२४, बीपी ९०/६०. काल गर्भाशयाचं ऑपरेशन झालंय, संध्याकाळी बीपी ११८/७६ होतं. चार तासांत लघवी ४० मिली, वजन ५० किलो, म्हणजे निदान १०० हवी होती. आतून रक्तस्राव होतोय असं मला वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघावं." परिस्थिती, पूर्वपीठिका, अंदाज, मागणी. शेवटची दोन वाक्यं बोलायला विद्यार्थी कचरतात, आणि डॉक्टरांना पलंगाजवळ आणतात ती नेमकी तीच दोन. फोनवर मिळालेली ऑर्डर लिहून घ्या, वाचून दाखवा. विद्यार्थी असाल तर हा फोन ड्यूटीवरच्या सिस्टरांना शेजारी उभं करूनच.

चूक झाली किंवा होता होता राहिली, तर ती नोंदवायची. जिथे प्रत्येक नोंदीवर 'कारणे दाखवा' निघते तिथे नोंदी बंद होतात, चुका चालूच राहतात. होता होता राहिलेली चूक ही फुकट मिळालेली शिकवणी आहे. चुकीची सिरिंज हातात आली आणि वेळेत लक्षात आलं, तेही लिहा, पेशंटचं नाव न घालता. सुई टोचली तर मात्र गप्प बसायचा प्रश्नच नाही: वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, पिळू नका, ताबडतोब कळवा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं चांगलं, ७२ तासांच्या आत तर सुरू व्हायलाच हवं.

सरकारी दवाखान्यांत २०१५ पासून स्वच्छतेची 'कायाकल्प' योजना आहे, बाळंतपणाच्या खोलीसाठी २०१७ पासून 'लक्ष्य', आणि राष्ट्रीय गुणवत्ता मानकांच्या प्रमाणपत्राला एकूण ७० टक्के गुण लागतात. या तपासणीच्या याद्या वाचाच, त्यात वॉर्ड कसा असावा हे मुद्देसूद लिहिलेलं असतं. फक्त तपासणीच्या आदल्या दिवशी नवीन चादरी घालणं याला गुणवत्ता सुधार म्हणू नका. त्या दुसऱ्या दिवशी परत कपाटात जातात.

पोस्टिंग संपताना एक काम उरतं. चार आठवड्यांत तुमची बॅच दुसऱ्या वॉर्डात जाते आणि ट्रॉलीचा मार्कर पाचव्या आठवड्यात सुकतो. म्हणून शेवटच्या शुक्रवारी आलेखाचा कागद, त्यावर पुढच्या आठवड्यांचे रिकामे रकाने आखून, इन्चार्ज सिस्टरांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा. रोज १० वाजता मोजणाऱ्या व्यक्तीचं नाव, 'सर्वजण' असं नाही, एकच नाव, त्याच्या कोपऱ्यात लिहा. मार्कर इंडेंटच्या छापील यादीत पेनाने वाढवून घ्या, त्यावर सिस्टरांची सही घ्या, आणि दोऱ्याची गाठ एकदा ओढून बघा.